‘बूर’ नेमकं कोणतं? मिसुरीतल्या जर्मन घराण्याचं मूळ गाव शोधताना

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या ताई मूळच्या साताऱ्याच्या, आता अमेरिकेत मिसुरी राज्यात सेंट लुईसजवळ राहतात, सासर जर्मन वंशाचं. नवऱ्याचे खापरपणजोबा १८५४च्या सुमारास मिसुरीत येऊन शेतीला लागले. जनगणनेत त्यांचं जन्मस्थान १८६० साली ‘हॅनोव्हर’, १८७०ला ‘प्रशिया’, १८८०ला ‘जर्मनी’. वय अनुक्रमे ३१, ४० आणि ५३. आडनावाची स्पेलिंगं तीन. १९००च्या जनगणनेत ते नाहीत, फक्त त्यांची विधवा आहे. गावातल्या जर्मन चर्चच्या दफनवहीतल्या एका नोंदीचा फोटो ताईंकडे आहे, पण त्यातलं मृताचं नाव, ९ मार्च १८९९ ही तारीख आणि ‘बूर’ हे गावाचं नाव एवढंच त्यांना लागतं. इंटरनेटवर कुणीतरी तयार वंशवृक्ष टाकलाय, तो गेल्सेनकिर्शन शहरातल्या बूरमधून थेट १६१०पर्यंत जातो. सासूबाई सांगतात की एलिस आयलंडवर, म्हणजे न्यूयॉर्क बंदरातल्या स्थलांतरितांच्या तपासणी नाक्यावर, साहेबाने आडनाव बदललं. यातलं खरं काय धरायचं?

ताई, आधी तो वंशवृक्ष बाजूला ठेवा. फाडू नका, पण त्यावर बोटही ठेवू नका. १६१०च्या माणसाचं नाव सांगणाऱ्याला १८५४ सालच्या माणसाचं गाव कशावरून ठरवलं ते सांगता आलेलं नाही, आणि मधला तोच तर सगळा पूल आहे. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला किंवा नाशिकला तीर्थोपाध्यायांकडे गेलं की ते पहिल्यांदा काय विचारतात? गाव कोणतं? गावाचं नाव सांगितल्याशिवाय वही उघडत नाही, कारण वह्या लावलेल्याच तशा असतात. जर्मनीचं अगदी तेच आहे. तिथे सगळ्या देशाची मिळून एक अशी जुनी नोंदवही कधी नव्हतीच. पॅरिशनिहाय, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीनुसार, पुस्तकं आहेत. नुसतं नाव घेऊन समुद्र ओलांडला की त्या नावाची दोनशे माणसं भेटतात आणि त्यातलं सोयीचं कुणीतरी आपण उचलतो. तुमच्या वंशवृक्षवाल्याने बहुधा हेच केलंय.

आता जनगणना. तीन वेळा तीन देश पाहून तुम्ही वैतागला आहात, पण मला मात्र तीच सगळ्यात चांगली बातमी वाटली. तिन्ही नोंदी बरोबर आहेत. १८६० साली जर्मनी नावाचा देश नव्हता. होती ती लहानमोठी राज्यं, आणि गणना करणाऱ्यांना त्या वर्षी सूचनाच होती की नुसतं ‘जर्मनी’ लिहू नका, प्रशिया, बाडेन, बव्हेरिया असं राज्य लिहा. हॅनोव्हर हे तेव्हा स्वतंत्र राज्य होतं, त्याला स्वतःचा राजा होता. १८६६च्या युद्धात हॅनोव्हरने ऑस्ट्रियाची बाजू घेतली, प्रशिया जिंकली आणि तिने हॅनोव्हर खालसा करून आपला प्रांत केला. म्हणून १८७०ला ‘प्रशिया’. जानेवारी १८७१मध्ये जर्मन साम्राज्य जाहीर झालं, म्हणून १८८०ला ‘जर्मनी’. माणूस मिसुरीतल्या शेतातून हलला नाही, तिकडे त्याचा देश दोनदा बदलला. एखाद्याच्या तिन्ही गणनांत ‘प्रशिया’ असेल तर तो जुन्या प्रशियाचा. तुमच्यासारखा ‘हॅनोव्हर–प्रशिया–जर्मनी’ असा क्रम असेल तर तो जवळजवळ नक्की हॅनोव्हर राज्याचा. राज्याचा म्हणतेय मी, शहराचा नव्हे. ज्यांनी जन्मस्थान हॅनोव्हर सांगितलं त्यातल्या बहुतेकांनी ते शहर डोळ्यांनीही पाहिलेलं नव्हतं.

वयाचं म्हणाल तर ते मनावर घेऊ नका. दहा वर्षांत माणूस नऊ वर्षांनी वाढला आणि पुढच्या दहांत तेरा, हे नेहमीचंच. गणना करणारा दारात आला तेव्हा घरात कोण होतं हे आपल्याला कळत नाही. बायको असेल, थोरली मुलगी असेल, कधी घरी कुणी नाही म्हणून शेजाऱ्यानेही सांगितलेलं असेल. शिवाय १८५० ते १८७०च्या गणनांच्या तीन तीन प्रती काढल्या जात. एक काउंटीकडे म्हणजे जिल्ह्याकडे, एक राज्याकडे, एक वॉशिंग्टनला. आपण पडद्यावर पाहतो ती बहुतेकदा नक्कल. एकाचा सात आणि साताचा एक, नकलनविसाच्या हातात काय काय होतं ते मोडी कागद पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको.

१८९०च्या गणनेच्या मागे लागू नका. १० जानेवारी १९२१ला वॉशिंग्टनमध्ये वाणिज्य खात्याच्या इमारतीला आग लागली, त्यात आणि नंतरच्या हेळसांडीत ती जवळजवळ सगळी गेली. तुमच्या माणसाच्या आयुष्यातली शेवटची जवळजवळ वीस वर्षं त्यामुळे जनगणनेत नाहीतच. १८७०च्या पानावर मात्र परत जा आणि उजवीकडच्या रकान्यांत २१ वर्षांवरील पुरुष नागरिक या रकान्यात रेघ आहे का ते पाहा. असेल तर १८७०च्या आत त्यांनी नागरिकत्व घेतलेलं होतं, म्हणजे कुठल्या तरी काउंटीच्या कोर्टात त्याचा कागद असणार. १९०६च्या आधीच्या या कागदांत जन्मगाव सहसा नसतं, पण एक मजा असते. अर्जदार आपल्या जुन्या राजाचं नाव घेऊन त्याची निष्ठा सोडतो. १८५०च्या दशकातल्या अर्जात ‘हॅनोव्हरच्या राजाची’ असं निघालं, तर जनगणनेला दुसरा साक्षीदार मिळाला. पहिला अर्ज म्हणजे नुसता इरादा जाहीर करण्याचा, तो येऊन थोड्याच दिवसांत करता येई. दुसरा पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर. दोन्ही एकाच काउंटीत असतीलच असं नाही.

सासूबाईंच्या गोष्टीबद्दल. त्यांना दुखवू नका, ही गोष्ट अमेरिकेत घराघरांत सांगतात. पण एलिस आयलंड उघडलं १ जानेवारी १८९२ला. तुमचे पणजे-खापरपणजे तोवर जवळजवळ चाळीस वर्षं इथे मका पेरत होते. त्याआधीचं न्यूयॉर्कचं कॅसल गार्डनही १८५५च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं. आणि प्रवाशांची यादी इथे उतरल्यावर कुणी नव्याने लिहीत नसे, ती जहाज सुटण्याच्या बंदरातच बनलेली असे. आडनाव बदलतं ते पुढे हळूहळू. इंग्रज शाळामास्तर कानाला ऐकू येईल तसं लिहितो, दुकानदार उधारीच्या वहीत आणखी वेगळं, आणि मुलं मोठी झाल्यावर त्यातलंच एक कायम करतात. म्हणून शोध घेताना स्पेलिंगवर अडून बसू नका. जे आडनाव जर्मन तोंडून इंग्रज कानाला जसं जाईल तशी दहा रूपं लिहून काढा. ‘ब’चा ‘प’, ‘ग’चा ‘क’, ‘त’चा ‘द’, आणि डोक्यावर दोन टिंबं असलेला जर्मन ‘यु’ कधी ‘ई’ कधी ‘ऊ’. तेही चाललं नाही तर आडनाव टाकून द्या, नुसतं नाव, अंदाजे वय आणि टाउनशिप (काउंटीतला पोटविभाग) घेऊन पान पान चाळा. माझा निम्मा काळ चाळण्यातच गेलाय, शोध-खिडकीत नव्हे.

जहाजाच्या यादीवरही फार आशा ठेवू नका. हॅनोव्हरच्या पश्चिम भागातले लोक साहजिकच ब्रेमेन बंदरातून निघत, आणि ब्रेमेनच्या जुन्या याद्या जागा नाही म्हणून तिथल्याच कार्यालयाने नष्ट केल्या. पुढच्याही बऱ्याचशा दुसऱ्या महायुद्धात गेल्या. हॅम्बुर्गच्या १८५० ते १९३४ च्या आहेत आणि त्यांत राहत्या गावाचं नावही असतं, पण तुमचा माणूस तिथून निघाला असण्याची शक्यता कमी. इथल्या बंदरातल्या यादीत, मग ते न्यू ऑर्लिन्स असो की बाल्टिमोर, पुन्हा नुसतं ‘हॅनोव्हर’.

मग गाव सापडतं कुठे? इथेच, अमेरिकेत, जर्मन चर्चच्या वहीत. हे लोक चर्च बांधून पहिला पाद्री आणत, तोही जर्मन, आणि तो तिकडच्याच पद्धतीने वही ठेवी. सरकारी लग्ननोंदीत वधूवरांची नावं आणि तारीख, बस्स. पाद्र्याच्या वहीत मात्र कुणाचा कोण, कुठल्या गावचा. सगळ्यात बोलकी असते ती स्थलांतरिताची दफननोंद, कारण मेलेल्या माणसाचा सगळा पत्ता शेवटचा एकदा लिहून काढायचा असतो. तुमच्या हातात नेमकी तीच आहे.

फोटोतल्या ओळी मी लावल्या त्या अशा. आधी नाव, ‘योहान हाइन्रिश’ आणि आडनाव. जनगणनेतला ‘हेन्री’ तो हाच. त्या भागात मुलग्यांना दोन-तीन नावं ठेवीत आणि पहिलं बऱ्याचदा ‘योहान’च, चार भाऊ असले तरी चौघेही योहान. हाक मारायचं नाव वेगळं, काही पाद्री त्याच्याखाली रेघ मारतात. म्हणून जर्मनीत ‘योहान’ शोधाल तर गल्लत होईल, हाइन्रिश शोधा. त्यापुढे ‘आउस बूर, प्रॉइसेन’, म्हणजे बूर, प्रशिया इथला. आणि मग तीन आकडे: ७१, ४, १२, त्यांच्या शेजारी बारीक जे, एम, टी ही अक्षरं. वर्षं, महिने, दिवस. जर्मन पाद्री मृताचं वय असं दिवसापर्यंत मोजून लिहीत. आता उलटं चला. ९ मार्च १८९९मधून ७१ वर्षं गेली, ९ मार्च १८२८. चार महिने मागे, ९ नोव्हेंबर १८२७. बारा दिवस मागे, २८ ऑक्टोबर १८२७. पाद्र्याने महिना तीस दिवसांचा धरला असेल तर एखाद्या दिवसाचा फरक पडेल, म्हणून आठवडाभर मागेपुढे पाहा. पण जनगणनेतली ३१, ४०, ५३ ही वयं आता या तारखेला लावून पाहा. खरी हवीत ३२, ४२, ५२. तिन्ही चुकलेली, आणि तरी तिन्ही त्याच माणसाभोवती घुटमळणारी.

आता बूर. जर्मनीत या नावाची दोन ठिकाणं तुमच्या कामाची आहेत. एक गेल्सेनकिर्शन शहरातलं, पूर्वीचं वेस्टफालियातलं. दुसरं ओस्नाब्र्युकच्या पूर्वेला, मेले गावाजवळचं. (हो, गावाचं नाव मेले. मराठी घरात हे नाव घेऊन आपण खूप हसलो आहोत, तुम्हीही हसून घ्या.) १८९९ साली लिहिणाऱ्या पाद्र्याच्या दृष्टीने दोन्हीही ‘प्रशिया’च. वंशवृक्षवाल्याला नकाशात जे मोठं दिसलं ते त्याने घेतलं. पण वेस्टफालिया १८१५पासूनच प्रशियाची. तिथला माणूस १८६० साली ‘हॅनोव्हर’ म्हणाला नसता. मेलेजवळचं बूर हॅनोव्हर राज्यात होतं. तुम्हाला जी विसंगती वाटत होती तिनेच हा निकाल लावला.

एवढ्यावर मी थांबणार नाही, कारण गणना करणाऱ्याने शेजाऱ्याचं ऐकूनही हॅनोव्हर लिहिलं असू शकतं. म्हणून तुमच्या १८६०च्या पानाच्या मागची-पुढची चार पानं चाळून पाहिली. हॅनोव्हरची घरं एकाला लागून एक आहेत. हे लोक एकटे येत नसत. एक भाऊ आला, त्याने पत्र टाकलं, मग मेहुणा, मग शेजारचा, असं करत अर्धी वाडी उठून यायची. सेंट चार्ल्स काउंटीत ‘न्यू मेले’ नावाचं गाव आजही आहे, ते कुठून आलं ते आता तुम्हीच ओळखा. तेव्हा चर्चच्या वहीत नुसतं आपलं आडनाव पाहून वही मिटू नका. मुलांच्या बाप्तिस्म्यांत धर्मपिते-धर्ममाता कोण आहेत, ती माणसं स्वतः वारली तेव्हा त्यांच्या नोंदीत गाव काय लिहिलंय, ते पाहा. तुमच्या माणसाच्या नोंदीत पाद्र्याने आळस केला असेल, शेजाऱ्याच्या नोंदीत ‘मार्केनडॉर्फ, बूरजवळ’ असं सबंध लिहिलेलं निघतं. दोन-तीन शेजारी त्याच परिसरातले निघाले की मग माझ्या जिवाला स्वस्थता.

चर्चबद्दल एक सांगायचं राहिलं. दारावर ‘इव्हँजेलिकल’ आहे म्हणून आज टीव्हीवर दिसतात तसे इव्हँजेलिकल समजू नका. हा जर्मन पंथ लुथरन आणि रिफॉर्म्ड या दोन प्रोटेस्टंट पंथांच्या मिलाफातून आलेला. तो १९३४ला रिफॉर्म्ड चर्चशी एक झाला आणि १९५७ला युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टमध्ये मिळाला, त्यामुळे बंद पडलेल्या चर्चच्या वह्या शोधायच्या त्या याच मंडळाकडे. पहिल्या महायुद्धात जर्मन बोलणंच संशयाचं झालं, तेव्हा कित्येक वह्या मध्येच इंग्रजीत सुरू होतात. वाचायला सोप्या, पण गावाची नावं तिथून पुढे विरळ होतात.

आता समुद्र ओलांडायला हरकत नाही. मेलेजवळचं बूर हे एकच गाव नव्हे, ती पॅरिश. तिच्यात मार्केनडॉर्फ, मेसडॉर्फ, टिटिंगडॉर्फ अशा वाड्या येतात. लोक नाव सांगताना कधी वाडी सांगत कधी पॅरिश, म्हणून वाडीचं नाव मिळालं तर ती कुठल्या चर्चला जोडलेली ते आधी पाहायचं. त्यासाठी १९१२-१३चा मायर्स गॅझेटिअर आहे, इंटरनेटवर फुकट मिळतो. जर्मन साम्राज्यातल्या वाडीवाडीपुढे तिचं नोंदणी कार्यालय, आणि तिथेच चर्च असेल तर तेही, संक्षिप्त खुणांत लिहिलेलं आहे. सरकारी जन्मनोंदणी प्रशियात ऑक्टोबर १८७४ला आणि सबंध साम्राज्यात १ जानेवारी १८७६ला आली, म्हणजे १८२७च्या जन्माला चर्चवही हाच एक आधार. हॅनोव्हरच्या लुथरन मंडळाच्या वह्या आर्खिऑन या संकेतस्थळावर येतात, पैसे भरून पाहायच्या. महिन्याची वर्गणी घ्या, आधी यादी करून ठेवा आणि महिनाभर रोज बसा. घराणं कॅथलिक निघालं तर मॅट्रिक्युला पाहा, ते फुकट आहे, पण नोंदी लॅटिनमध्ये, हाइन्रिशचा ‘हेन्रिकस’ झालेला. ओस्नाब्र्युक भागात लुथरन आणि कॅथलिक गावं शेजारी शेजारी आहेत, म्हणून हे मनात असू द्या. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर काय आहे तेही एकदा चाळा, तिथे पैसे लागत नाहीत.

आणि मग अक्षर. तुम्ही लिहिलंय की बाकीचा एक शब्दही वाचता येत नाही, जर्मन येत असूनही. येणार नाही, कारण ते कुरेंट आहे, जुनी जर्मन हस्तलिपी. बालबोध शिकलेल्या माणसासमोर मोडी ठेवली तर भाषा मराठी असून तो जसा बधिर होतो, तसंच हे. आजची जर्मन मुलंही ते वाचू शकत नाहीत. कुरेंटमधला ‘ई’ आपल्याला ‘एन’ दिसतो, ‘यु’ आणि ‘एन’ सारखेच, फरक एवढाच की ‘यु’च्या डोक्यावर एक छोटं वाकडं वळण असतं, ‘एच’ला वरही गाठ आणि खालीही, ‘एस’ लांबुळका असला की ‘एफ’ वाटतो. तुमच्या फोटोत ‘बूर’ हा शब्द तुम्हाला लागला याचं कारण पाद्र्याने व्यक्तींची आणि गावांची नावं लॅटिन अक्षरांत लिहिलीत. बरेचजण तसं करत आणि आपल्यावर उपकार करून गेले. माझी रीत अशी: आपल्याला हवी ती नोंद आधी वाचायची नाही. त्याच हाताची आधीची दहा पानं घ्यायची, त्यातले महिने, वार, ‘जन्म’, ‘बाप्तिस्मा’ असे ओळखीचे शब्द शोधायचे आणि त्यांतून त्या पाद्र्याची बाराखडी कागदावर उतरवायची. मोडी वाचणारे काका हेच सांगायचे, लिपी शिकू नका, लिहिणाऱ्याचं वळण शिका. आपलं आडनाव कुरेंटमध्ये पाच-पन्नास वेळा हाताने लिहून काढा, मग ते पानात आपोआप उठून दिसतं. आणि महिन्यांची एक खोड: ‘७बर’ म्हणजे जुलै नव्हे, सप्टेंबर. लॅटिन सात. ‘८बर’ ऑक्टोबर, ‘९बर’ नोव्हेंबर, ‘एक्सबर’ डिसेंबर. यात भलेभले फसतात.

बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाच्या नावाआधी एक शब्द असेल, तो नीट पाहा. ‘कोलोन’ असेल तर बाप शेताचा धनी. ‘हॉयरलिंग’ असेल तर तो कूळ, आणि अमेरिकेला गेलेल्यांत माझ्या पाहण्यात हेच जास्त. हॉयरलिंग शेतकऱ्याच्या जमिनीवर लहानसं घर आणि तुकडाभर रान घेई, भाडं देई, आणि वर शेतकऱ्याने हाक मारली की स्वतःचं काम टाकून त्याच्या शेतात राबायला जाई. आपल्याकडची वेठच म्हणा. हिवाळ्यात बायकामुलं मिळून लिननचं कापड विणत, त्यावर घर चाले. मग गावाच्या सामाईक कुरणांची वाटणी झाली, वाटा मिळाला तो धन्यांना, हॉयरलिंगची गाय चरणार कुठे? त्यातच यंत्रावरच्या कापडाने हातमागाचा भाव पाडला, आणि १८४०च्या दशकात बटाट्याचं पीक बसलं. एका भावाला शेत मिळे ते धन्याच्या घरी. हॉयरलिंगच्या घरी मिळायला काही नव्हतंच. मिसुरीत एकराच्या हिशोबाने जमीन विकत मिळतेय असं पत्र आल्यावर काय झालं असेल ते सांगायला नको. त्यांचं पुढे बरं चाललं का ते पाहायचं असेल तर १८६० आणि १८७०च्या गणनेचं शेतीचं वेगळं परिशिष्ट काढा. त्यात एकर, दुभत्या गाई, डुकरं, किती बुशेल गहू आणि मका, सगळं कुटुंबवार आहे. मला ही पानं नावांच्या पानांहून जास्त आवडतात.

हॉयरलिंग कुटुंब भाड्याचं घर बदललं की वाडी बदले, म्हणून भावंडांचे जन्म वेगवेगळ्या वाड्यांत दिसले तरी बिचकू नका. आणि ‘कोलोन’ निघाला तर त्याहून मोठा गोंधळ. त्या भागात शेताला नाव असे आणि शेतावर राहणाऱ्याला तेच नाव लागे. मुलगा नसलेल्या घरात घरजावई आला की तो स्वतःचं आडनाव सोडून सासऱ्याच्या शेताचं नाव घेई, मुलांनाही तेच. नोंदीत दोन नावांच्या मध्ये ‘गेनांट’ किंवा नुसतं ‘जीटी’ दिसेल, म्हणजे ‘उर्फ’. आपल्याकडे घरजावयाची टर उडवतात, पण आडनाव कुणी काढून घेत नाही. सख्खे दोन भाऊ, दोन आडनावं, असं पाहून ती नोंद आपली नाही म्हणून सोडून दिलेली माणसं मी पाहिली आहेत.

आता माझीच एक फजिती सांगते, म्हणजे तुमची टळेल. सुरुवातीच्या वर्षांत एका कुटुंबासाठी मी अशीच तारीख काढली, पॅरिश काढली, नाव तंतोतंत जुळणारा बाप्तिस्मा सापडला. आनंदाने त्याच्या आईबापांमागे लागले, आजोबा, पणजोबा, सबंध हिवाळा घालवला. मार्चमध्ये सहज दफनवही चाळताना दिसलं की ते मूल दीड वर्षाचं असताना वारलं होतं. दोन वर्षांनी त्याच घरात पुन्हा मुलगा झाला, त्यालाही तेच नाव ठेवलं. आईबाप तेच, म्हणजे हिवाळा वाया गेला नाही असं वाटलं, पण त्याच वाडीत चुलत्याच्या घरी त्याच नावाचा आणखी एक निघाला, आणि अमेरिकेला गेला तो तो! तेव्हापासून नियम केलाय. बाप्तिस्मा सापडला की लगेच पुढच्या काही वर्षांची दफनं चाळायची. मग साधारण चौदाव्या वर्षीची कन्फर्मेशनची, म्हणजे मुलांना चर्चचे पूर्ण सभासद करून घेण्याच्या विधीची यादी, तुमच्या बाबतीत १८४१-४२च्या सुमाराची. तिथे तो जिवंत दिसला पाहिजे. मग पुढची लग्नं: तो १८६०ला बूरमध्येच बोहल्यावर चढलेला दिसला तर तो तुमचा नव्हे. कधी कधी नशीब जोरावर असलं तर समासात पाद्र्याने ‘अमेरिकेला गेला’ असं खरडलेलं असतं. नसलं तरी, १८५४नंतर त्या पॅरिशमध्ये तो कुठेच नाही हेसुद्धा सांगण्यासारखं आहे.

राहिली विधवा. १९००च्या गणनेत तिच्यापुढे दोन आकडे आहेत ते तुम्ही लिहून पाठवलेत पण त्यांचा अर्थ विचारला नाहीत: ९ आणि ६. किती मुलांची आई, त्यातली किती हयात. १८७० आणि १८८०च्या पानांवर मिळून तुम्हाला सातच मुलं दिसली. म्हणजे दोन मुलं बहुधा दोन गणनांच्या मधल्या काळात जन्मली आणि गेली, या पानांवर त्यांचा उल्लेखच नाही. १८६६ला सेंट लुईस भागात कॉलऱ्याची साथ होती, तिथून सुरुवात करा. चर्चच्या दफनवहीत ती दोघं नावासकट सापडतील अशी मला खात्री वाटते. सातातलं जे तिसरं गेलं ते बहुधा मोठं होऊन गेलं. आणि हयात सहांपैकी जे १९१०नंतर मिसुरीत वारले त्यांचे मृत्यूचे दाखले राज्याच्या अभिलेखागाराने इंटरनेटवर फुकट ठेवलेत. १९१०पासूनचे आहेत, फक्त शेवटच्या पन्नास वर्षांतले दिसत नाहीत. त्यात आईबापांचं जन्मस्थान आणि आईचं माहेरचं नाव हे रकाने असतात. सहाही काढा. सहा मुलांनी आईचं माहेरचं नाव सहा तऱ्हांनी सांगितलेलं असेल, पण सहांमधून एक नाव वर येतं.

१९००च्या गणनेत तिचं येण्याचं साल १८५५ लिहिलंय, नवऱ्याचं तुमच्या माहितीप्रमाणे १८५४. एक वर्ष मागून आली, म्हणजे लग्न ठरवून आली असेल किंवा इथेच जुळलं असेल. इथल्या चर्चच्या विवाहवहीत १८५५-५६ पाहा.

आणि पुढचा फोटो काढाल तेव्हा पूर्ण पानाचा काढा, डोक्यावरच्या रकान्यांच्या शीर्षकांसकट. या वेळी पानाची उजवी कड कापली गेलीय. वयाच्या आकड्यांनंतर ‘मागे विधवा’ असा शब्द स्पष्ट आहे, त्यापुढे ‘जन्मनाव’ अशा अर्थाचे ‘गेब.’ आणि मग एक मोठं लॅटिन ‘के’, आणि फोटो संपतो.